आवड आणि आस्था

मनुष्यास ज्या गोष्टीची आवड असते तिच्यासाठीं तो किती कष्ट सोशील याचा नेम नाहीं. आवडता नट गांवांत येणार अशी वार्ता पसरली कीं माणसें भर उन्हांत तासन्‌तास ताटकळत उभीं राहतात. क्रिकेटच्या सामन्यांतील एकेक आंकडा मुलांच्या जिव्हाग्रीं असतो. वडील मंडळी याला वेड म्हणतात व नाक मुरडतात. मीही त्यांतलाच एक होतों. परंतु दोन प्रवासांनीं माझें मत पालटलें. तें कसें पालटलें, हें विद्यार्थिमित्रांस व त्यांच्या पालकांस सांगावें असें वाटल्यावरून हा लेख लिहीत आहें.

पहिला प्रवास शाळेच्या सहलीचा. आम्ही अजिंठ्यास गेलों होतों. सोळाव्या लेण्यापाशीं वाटाड्यानें एक झिजलेला संस्कृत शिलालेख दाखविला व म्हटलें, “हें लेणें वाकाटक राजा हरिषेण याचा सचिव वराहदेव यानें करविलें. मुलांनो, तुम्ही कोठले?” आम्ही एका सुरांत ओरडलों, “वाशीमचे!” तो हंसून म्हणाला, “मग हें तुमच्याच राजाचें काम. त्याची राजधानी वत्सगुल्म, म्हणजेच तुमचें वाशीम.” आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे पाहूं लागलों. आमच्यापैकीं एकालाही हें ठाऊक नव्हतें! सिनेमांतील गाणीं मात्र आम्ही वाटेनें सारीं तोंडपाठ म्हणत आलों होतों.

परत आल्यावर मीं चौकशी केली. वाशीमासच १९३९ सालीं दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट सापडला, आणि त्यामुळें वाकाटकांच्या या शाखेचा इतिहास उजेडांत आला. त्याची भाषा कांहीं संस्कृत व कांहीं प्राकृत आहे. विंध्यशक्तीचा पिता सर्वसेन हा स्वतः कवि होता. त्याच्या ‘हरिविजय’ या प्राकृत काव्याचा उल्लेख आनंदवर्धनासारखा थोर काश्मिरी पंडित करतो. पण तें काव्य आज संपूर्ण उपलब्ध नाहीं. ज्या पद्मतीर्थाच्या काठीं आम्ही रोज खेळलों, तें गांव एके काळीं राजधानीचें होतें, हें आम्हांस परगांवीं जाऊन कळावें, याची लाज वाटली.

दुसरा प्रवास कारंज्याचा. मूर्तिजापूरहून कारंजा व दारव्हा या मार्गानें यवतमाळास जाणारी अडीच फूट रुंदीच्या रुळांची आगगाडी तेव्हां चालू होती. लोक तिला प्रेमानें ‘शकुंतला’ म्हणत. वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या बंदराकडे नेण्यासाठीं इंग्रजी कंपनीनें ती बांधविली. १९९४ पर्यंत तिला वाफेचें इंजिन ओढीत असे. त्या दिवशीं स्टेशनावर रेल्वेच्या शौकिनांचा एक मेळा जमला होता. दूरदूरच्या शहरांतून आलेलीं हीं दहाबारा माणसें रुळांवरील खुणा वहीत उतरवीत होतीं आणि डब्याच्या जुन्या पाटीपुढें उभीं राहून छायाचित्रें घेत होतीं. आम्ही गांवकरी त्यांस हंसत होतों. त्यांतील एका वृद्ध गृहस्थांनीं मला विचारलें, “येथें इंजिनांत पाणी कोठें भरीत? कापसाचे गठ्ठे कसे चढवीत?” मी म्हणालों, “आमचे आजोबा बैलगाडीनें कारंज्याच्या जिनांत कापूस नेत असत. त्यांना विचारून कळवितों.” त्यांनीं आपला पत्ता लिहून दिला.

तो पत्ता माझ्या खिशांतच राहिला. आज विचारूं, उद्यां विचारूं, असें करतां करतां पावसाळा गेला आणि आजोबाही गेले. पुढें ती गाडीही बंद पडली. ज्या प्रश्नाचें उत्तर माझ्या घरच्या ओसरीवर बसलें होतें, तें मीं हातचें घालविलें. आणि ज्यांस मी वेडे समजलों, ते तें उत्तर शोधण्यासाठीं शेंकडों कोस चालून आले होते.

म्हणून माझें मत असें आहे कीं, मुलांचें वेड मोडूं नये, त्यास वळण द्यावें. खेळाडूच्या धावा ज्याला पाठ होतात, त्याची स्मरणशक्ति मंद नाहीं. नटाच्या दर्शनासाठीं जो उन्हांत उभा राहतो, त्याच्या ठायीं चिकाटी आहे. नुसत्या आवडीनें अभ्यास बुडतो, ही पालकांची तक्रार खोटी नाहीं. पण आवडीस जिज्ञासेची जोड मिळाली म्हणजे तिची आस्था होते, आणि आस्था हाच अभ्यासाचा पाया होय. पालकांनीं मुलांस ओरडण्याआधीं स्वतःस विचारावें, ‘आपण त्यांना आपल्या गांवाची कोणती गोष्ट सांगितली?’

विद्यार्थिमित्रहो, वाशीम हा स्वतंत्र जिल्हा १९९८ सालीं झाला, पण त्याचा इतिहास दीड हजार वर्षांहून जुना आहे. येत्या सुट्टींत कारंजा, शिरपूर, पोहरादेवी यांपैकीं एका ठिकाणीं तरी जा. जातांना एक वही न्या. आणि त्याहीपूर्वीं घरांतील सर्वांत वृद्ध माणसापाशीं बसून त्यांना एक प्रश्न विचारा, व उत्तर त्याच दिवशीं लिहून ठेवा. शिलालेख कित्येक शतकें वाट पाहतो. आजोबा तितकी पाहूं शकत नाहींत.