नाली खोदणाऱ्यांनो, नेटवर्क शिका



या अंकाचं संपादकीय एका नापास पोराबद्दल आहे. तो माझ्या मामाचा पोरगा. आयटीआय झालेला. दोन उन्हाळे त्यानं एटापल्लीच्या बाजूला रस्त्याच्या कडेनं नाली खोदली, पाइप टाकला, माती लोटली, मजुरी घेतली. पाइपातून फायबरची केबल जाणार होती. केबल जोडणाऱ्या मिस्त्रीला त्यानं विचारलं, "साहेब, यातून जाते काय?" मिस्त्री म्हणाला, "तुझ्या कामाचं नाही ते."

हे वाक्य आपल्या बापजाद्यांनी किती वेळा ऐकलं असेल! विहिरीवर ऐकलं, शाळेच्या दारात ऐकलं. पोराच्या डोक्यात ते रुतून बसलं. त्यानं ठरवलं, सीसीएनएची परीक्षा द्यायची. फी तीनशे डॉलर, वर कर. रुपयांत पंचवीस हजारांच्या पुढे. मामीनं तेंदूपत्त्याचे आणि मोहफुलांचे पैसे काढून दिले. मग एका शहाण्यानं त्याला 'हमखास येणारे प्रश्न' विकले. पोरानं चारशे प्रश्न रट्टा मारून पाठ केले, नागपूरला जाऊन परीक्षा दिली, नापास होऊन आला.

आता गावातले लोक म्हणतात, "आपल्याच्यानं होते का ते?" मला राग आहे तो या वाक्याचा. मिस्त्रीचं वाक्य आता आपल्याच तोंडात येऊन बसलंय.

मी गोदीतला कामगार, मॅट्रिक. कंटेनरला साखळदंड आवळतो. पाळी संपल्यावर वर्षभर मोबाइलवर हेच शिकत होतो. सुट्टीवर आलो तेव्हा पोराला घेऊन बसलो. म्हटलं, पाठ केलेलं सगळं विसर. तुला येतं त्यातून सुरू करू.

गोदीत माल कसा जातो? माल खोक्यात, खोकं कंटेनरमध्ये, कंटेनर ट्रेलरवर. मग ट्रेलर सुटतो, जहाज येतं. पलीकडच्या बंदरात जहाज सुटतं, रेल्वे येते. वाहन दर टप्प्याला बदलतं. कागदावरचा शेवटचा पत्ता बदलत नाही. नेटवर्क म्हणजे हेच. कागदावरचा पत्ता तो आयपी, आणि त्या टप्प्यापुरता वाहनाचा नंबर तो मॅक पत्ता. राउटर एका वाहनातून माल काढतो, कागद पाहतो, पुढच्या वाहनावर चढवतो. आत काय आहे, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. पोचल्यावर कोणत्या गेटला उतरवायचं, तो पोर्ट नंबर: सुरक्षित वेबसाइटचा ४४३, नावावरून पत्ता सांगणाऱ्या डीएनएसचा ५३. टीसीपी म्हणजे पोचपावतीवर सही घेऊनच माल देणारा. यूडीपी म्हणजे फेकून पुढे जाणारा; फोनवरच्या बोलण्याला तोच बरा, कारण हुकलेला शब्द दोन सेकंदांनी आणून देऊन काय उपयोग?

पोरगा म्हणाला, "दादा, एवढंच होय? मंग मले कोणी असं सांगितलं काहून नाही?"

कारण सांगणाऱ्यांनी कधी माल उचलला नाही, पोरा. आणि उचलणाऱ्यांना कोणी बोलू दिलं नाही.

पेपरात तो अडकला होता सबनेटवर. तिथं पाठांतर चालत नाही, हिशेब करावा लागतो. आयपी पत्ता म्हणजे बत्तीस बिटं, आठ-आठाचे चार गट. मास्क सांगतो की पत्त्यातला किती भाग टोल्याचा आणि किती घराचा. १९२.१६८.१०.० आणि पुढे तिरकी रेघ मारून २६, म्हणजे बत्तीसपैकी सव्वीस बिटं टोल्याची, उरली सहा घरांची. दोनाचा सहा वेळा गुणाकार केला की चौसष्ट. म्हणून टोले चार: ० पासून, ६४ पासून, १२८ पासून, १९२ पासून. प्रत्येक टोल्यातला पहिला पत्ता टोल्याच्या नावाचा, शेवटचा दवंडीचा. घरांसाठी उरले बासष्ट. आता सांग, ७० नंबरचं घर १३० नंबरच्या घराशी थेट बोलेल का? नाही. टोले वेगळे, मध्ये राउटर पाहिजे. चार दिवसांत पोरगा हे बोटांवर करायला लागला.

त्या शेवटच्या पत्त्याला इंग्रजीत ब्रॉडकास्ट म्हणतात. आपल्याकडे दवंडी म्हणतात. ती पिटण्याचं काम कोणाच्या गळ्यात बांधलं होतं, ते तुम्हाला सांगायला नको. ज्यांच्या आज्यानं गावभर दवंडी दिली, त्यांच्या नातवाला ब्रॉडकास्ट समजत नाही, हे मी कसं मानू?

आता थरांची गोष्ट. पुस्तकात नेटवर्कचे सात थर सांगतात. १९८४ साली हा नमुना जगभरासाठी मान्य झाला. खाली वायर, वर माणसानं वापरायचं ॲप. हे पाहून मला 'मूकनायक' आठवला. ३१ जानेवारी १९२० च्या पहिल्याच अंकात बाबासाहेबांनी या समाजाला मनोरा म्हटलं होतं, मजल्यावर मजला आणि शिडी कुठंच नाही. नेटवर्कच्या थरांत मात्र शिडी आहे. वरच्या थराचा निरोप एकेक थर उतरत वायरीपर्यंत येतो आणि पलीकडे तसाच चढत जातो. दुसरा रस्ताच नाही. पहिला थर तुटला की सातव्याची सगळी मिजास बंद. आपली पोरं त्या पहिल्या थरावर आहेत, नालीत, पायापाशी. तिथं असण्याची लाज नाही. तिथंच राहा म्हणणाऱ्याला मात्र सोडायचं नाही.

आणि हे ज्ञान काही परदेशातलं नवल नाही. भामरागडचा माणूस टोपोलॉजी जन्मापासून जाणतो. किती पावसाळे पर्लकोटाच्या पुलावरून पाणी गेलं आणि भामरागड जगापासून तुटलं! रस्ता एकच असला की एक पूल बुडताच पलीकडचं सगळं बुडतं. केबलचं तेच. गावागावात फायबर न्यायची सरकारी योजना २०११ ला मंजूर झाली, २०१५ पासून तिला भारतनेट म्हणतात. अडीच लाख ग्रामपंचायतींचा तिचा हिशेब. केबल सरळ रेषेत गेली की एका जेसीबीचा दात लागताच पुढची गावं आंधळी. २०२३ च्या सुधारित आराखड्यात रेषेऐवजी रिंग करायचं ठरलं: एका बाजूनं तुटलं तर दुसऱ्या बाजूनं जावं. परीक्षेत याला रिडंडन्सी म्हणतात. पण नुसते स्विच गोलात जोडले तर दवंडी गोल गोल फिरत राहते आणि सगळं जाम होतं. म्हणून एक वाट झाकून ठेवायची, गरज पडली की उघडायची. ही युक्ती, स्पॅनिंग ट्री, १९८५ साली रेडिया पर्लमन या बाईनं शोधली.

काही साथी म्हणतील, "हे कंपनीचं शिक्षण. उद्या भांडवलदाराचे हमाल व्हाल." अरे, हमाल तर आजच आहोत. प्रश्न एवढाच की हमालाला कागद वाचता यावा की नाही. शिवाय परीक्षा कंपनीची असली तरी विद्या तिच्या बापाची नाही. टीसीपी-आयपीचे नियम कोणालाही फुकट वाचता येतात. अमेरिकेतल्या अर्पानेटनं ते १ जानेवारी १९८३ ला लागू केले. त्याच्या चार महिने आधी, २६ ऑगस्ट १९८२ ला, गडचिरोली चांद्यातून वेगळा जिल्हा झाला. इंटरनेट आपल्या जिल्ह्याहून चार महिन्यांनी धाकटं आहे. त्याला काय भ्यायचं?

खोटं मात्र सांगणार नाही. सर्टिफिकेट म्हणजे नोकरी नव्हे. ते तीन वर्षं चालतं, पुढे पुन्हा नवं करावं लागतं. पेपर मराठीत नाही, इंग्रजी शब्द शिकावेच लागतील. पण शब्द त्यांचा ठेवा आणि अर्थ आपल्या बोलीत लावा. २०२० पासूनच्या सीसीएनए अभ्यासक्रमात शंभरातले पासष्ट गुण पायाचे आहेत: मूलतत्त्वं, स्विच, राउटिंग. पाया पक्का करा. त्याच कंपनीची धाकटी परीक्षा आहे, सीसीएसटी नेटवर्किंग, सव्वाशे डॉलरची. आधी ती द्या. कंपनीच्या अकादमीचे धडे आणि पॅकेट ट्रेसर फुकट मिळतात. त्यात एकही स्विच विकत न घेता अख्खं नेटवर्क बांधून, तोडून, पुन्हा बांधून पाहता येतं. प्रश्न विकणाऱ्याला मात्र दारात उभं करू नका. तो तुमच्या आईचा तेंदूपत्ता चोरायला आलाय.

आता मागणी, आणि ती सरकारकडे नाही, आपल्याकडेच आहे. १४ एप्रिलची वर्गणी आपण गोळा करतो. एका रात्रीच्या डीजेचं भाडं आणि एका पोराची परीक्षा फी हे दोन आकडे कागदावर शेजारी मांडा आणि मग माझ्याशी भांडायला या. प्रत्येक वस्तीनं वर्गणीतला एक हिस्सा फीसाठी बाजूला काढावा. एकट्या आईनं मोहफूल विकून ही फी भरू नये. ती भरते म्हणून पोरगा भितो, आणि भितो म्हणून प्रश्न विकत घेतो. जो पास होईल त्यानं परत येऊन दोघांना शिकवावं. अट एवढीच.

१६ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी चांद्यात दीक्षा दिली. त्या दिवसाला दरवर्षी दीक्षाभूमीवर आपली माणसं जमतात, पुस्तकं घेतात. यंदा पुस्तकांच्या दुकानाशेजारी आपण एक टेबल टाकू. दोन जुने स्विच, थोडी वायर, एक क्रिम्पिंगची पकड. मामाचा पोरगा तिथं बसेल. तो अजून पास झालेला नाही, पुढच्या खेपेला बसणार आहे. पण येईल त्याच्या हातात वायर देऊन तो सांगेल: पांढरा-नारंगी, नारंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दुसऱ्या टोकालाही हाच क्रम. दिवा लागला का पाहा.

आणि कोणी विचारलं, यातून जाते काय, तर तो सांगेल. पहिल्यापासून सगळं सांगेल.

जय भीम.