साथीला कोण?

मैफलीची जाहिरात वाचताना जाणकार रसिक आधी गवयाचे नाव पाहतो आणि लगेच विचारतो, "साथीला कोण?" रॉक संगीताचे वेड असलेल्या आमच्या विद्यार्थ्यांना मात्र हा प्रश्न सहसा सुचत नाही. डेव्हिड बोवी त्यांना ठाऊक असतो. मिक रॉन्सन म्हटले की चेहरे कोरे! म्हणून यंदाच्या फराळात या गृहस्थाची ओळख वाढतो आहे.

रॉन्सन १९४६ साली इंग्लंडातील हल या बंदराच्या गावी जन्मला. लहानपणी पियानो शिकला, व्हायोलिन शिकला. पुढे गिटार हाती आली. पण गिटारीवर पोट भरेना, तेव्हा नगरपालिकेत माळीकाम पत्करले. १९७० च्या आरंभी एक जुना सोबती बोवीकडे चल म्हणून सांगायला आला, तेव्हा स्वारी रग्बीच्या मैदानावर रेघा आखत होती, असे सांगतात.

रंगमंचावर लोकांनी त्याचे सोनेरी केस पाहिले आणि रंग खरवडून काढलेली गिटार पाहिली. त्याचे खरे काम मात्र पडद्याआड चाले. १९७१ च्या 'लाइफ ऑन मार्स?' या बोवीच्या गाण्यातली तंतुवाद्यांची सारी रचना रॉन्सनची. बालपणीचे व्हायोलिन असे कामी आले! १९७२ साली लू रीडच्या 'ट्रान्सफॉर्मर'ची निर्मिती त्याने बोवीबरोबर केली. त्यातल्या 'परफेक्ट डे'चा पियानोही त्याचाच.

मग मंडळींनी ठरवले, आता यालाच नायक करू. १९७४ साली त्याची स्वतःची ध्वनिमुद्रिका निघाली, ब्रिटनमध्ये नवव्या क्रमांकापर्यंत गेली. पुढल्या वर्षीची दुसरी तितकी चालली नाही, आणि त्याच्या हयातीत तिसरी निघालीच नाही. नायक होणे याला जमले नाही, असा शिक्का बसला.

मला हा निवाडा पटत नाही. १९७५ साली तो बॉब डिलनच्या दौऱ्यात वाजवत होता. १९८२ साली जॉन मेलनकॅम्पने जवळजवळ टाकून दिलेल्या 'जॅक अँड डायेन'मध्ये समूहस्वरांचा तुकडा घाल, असे त्याने सुचवले. ते गाणे अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले. परक्याच्या गाण्यात काय उणे आहे ते नेमके ऐकू येणे, ही स्वतंत्र प्रतिभाच नव्हे काय? तिला दुय्यम म्हणणे आपल्या कानाचा दोष. दुर्दैव असे, की व्यवहारही त्याच कानाने ऐकतो. गाणे रचणाऱ्याला ते वाजेल तोवर पैसे मिळत राहतात. त्याला सजवणाऱ्याला सहसा कामापुरतेच.

१९९१ साली त्याला यकृताचा कर्करोग झाल्याचे निघाले. तरीही १९९२ साली निघालेल्या मॉरिसीच्या 'युअर आर्सेनल'ची निर्मिती त्याने पार पाडली. मग स्वतःची तिसरी ध्वनिमुद्रिका हाती घेतली. ती अपुरी टाकून २९ एप्रिल १९९३ रोजी, वयाच्या ४६ व्या वर्षी तो गेला. मित्रांनी ती पुरी करून १९९४ साली बाहेर आणली.

तिच्यात साथीला कोण, म्हणून विचाराल? इयान हंटर, मेलनकॅम्प आणि खुद्द डेव्हिड बोवी!