निकालाच्या दिवशी तोंड सांभाळा

दहावी-बारावीचे निकाल आता कधीही लागतील. आई-वडील, आजी-आजोबा, काका-मामा, शिक्षक, शेजारी, सर्वांना कळकळीची विनंती आहे : त्या दिवशी मुलाची लायकी काढू नका.

'तुझ्या डोक्यात काही शिरतच नाही', 'हिच्याकडून वेगळी अपेक्षा नव्हतीच', 'शेजारच्याला बघ, ९२ टक्के!' बोलणारा हे संध्याकाळपर्यंत विसरतो. मूल मात्र ते खरं धरून चालतं आणि पुढे गणिताचं पुस्तक उघडण्याआधीच हरतं. त्यात हे बोलणं बहुधा चारचौघांत होतं. मुलगी शेजारी उभी असते आणि वडील फोनचा स्पीकर लावून आत्याला एकेक विषयाचे गुण वाचून दाखवत असतात. गणित आलं की त्यांचा आवाज खाली जातो. तो खाली गेलेला आवाज तिला सगळ्यात स्पष्ट ऐकू येतो.

कौतुकही जपून करा. क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक यांनी अमेरिकेत पाचवीच्या मुलांवर केलेले प्रयोग १९९८ साली प्रसिद्ध झाले. 'हुशार आहेस' अशी शाबासकी मिळालेली मुलं पुढची अवघड कोडी सुटेनात तेव्हा लवकर खचली. काहींनी तर आपले गुण वाढवून सांगितले. 'मेहनत घेतलीस' असं ऐकलेली मुलं जास्त चिकाटीने झटत राहिली. ९५ टक्केवाल्या घरांनीही हे मनावर घ्यावं.

मग बोलायचं काय? नेमकं बोला. 'आकृती बरोबर काढलीस, सिद्धतेत कारणं लिहायची राहिली.' यातून पुढे काय करायचं ते कळतं. गुण कमी वाटले तर मंडळाकडून उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवता येते. ती मुलासोबत बसून बघा. विषय राहिलाच तर पुरवणी परीक्षा असते, दहावीला एक-दोन विषय राहिले तरी एटीकेटीने अकरावीत प्रवेश मिळू शकतो. हे सगळं निकालाआधीच त्याच्या कानावर घाला. नंतर सांगितलं तर ती नुसती समजूत वाटते.

नातेवाईकहो, 'किती पडले?' विचारायला फोन करू नका. शिक्षकांनी नापास मुलांची नावं सगळ्यांसमोर घेऊ नयेत.

आणि मूल जेवत नसेल, खोलीत कोंडून घेत असेल, 'माझा काही उपयोग नाही' म्हणत असेल, तर त्याला क्षणभरही एकटं सोडू नका. टेलि-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक १४४१६. सेवा मोफत आहे, चोवीस तास चालू असते, मराठीतही बोलता येतं. पालकांनी स्वतः फोन केला तरी चालतो.