कुकरची रिंग आणि दोनशे तास

"हॅपी संडे!"
"सेम टू यू! कशी आहेस?"
"मस्त! तू?"
"एकदम मस्त! चल, पळते. भेटू पुढच्या रविवारी."

गेली दोन वर्षं ठाण्यातल्या आमच्या चर्चच्या पायऱ्यांवर माझं दर रविवारी हेच बोलणं व्हायचं. तीच माणसं, तेच हसू, तोच 'मस्त'. मिस्सा संपली की पाच मिनिटं पायऱ्यांवर, पाच मिनिटं पार्किंगमध्ये, मग प्रत्येक जण आपापल्या ब्रंचला किंवा लाँड्रीला. आणि मी मात्र ऑफिसातल्या मैत्रिणींना ऐकवायचे, "माझं चर्चमधलं सर्कल जाम मोठं आहे हं!" व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर १८६ मेंबर! मोठं नाही तर काय?

मग गेल्या वर्षी सप्टेंबरमध्ये मला डेंग्यू झाला.

चार दिवस भाड्याच्या फ्लॅटमध्ये एकटी. रूममेट गावाला गेलेली. उठून दार उघडायचं म्हटलं तरी भिंतीला धरून जावं लागायचं. ग्रुप उघडला, "मला बरं नाहीये" एवढं टाइप केलं आणि खोडून टाकलं. सगळ्यांना कशाला त्रास? आणि खरं सांगू? १८६ जणांपैकी कोणाला फोन करावा, हेच सुचेना. एकही नाव नाही!

पाचव्या दिवशी सकाळी बेल वाजली. दारात रोह्याची आँटी. माझी सख्खी कोणी नाही, आईची मैत्रीण. बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, त्यामुळे आईला पेणहून हलता येत नव्हतं. तिने आँटीला फोन केला आणि साठी ओलांडलेली ही बाई रोह्याला दिवा गाडीत बसली, दिव्याला लोकल पकडून ठाण्यात उतरली आणि पिशवीतून स्टीलचा डबा काढून म्हणाली, "कंजी आणली. गरम करते. तू झोप." ती कंजी म्हणते, आपण पेज म्हणतो. चव तीच. तीन दिवस राहिली.

बरी झाल्यावर मात्र एक प्रश्न डोक्यातून जाईना. आईकडे अशी माणसं आली कुठून? तिच्या ग्रुपवर तर अकराच मेंबर आहेत!

फंडा काय?

वीकेंडला पेणला गेले आणि आईला सरळ विचारलं, "तुझा नि आँटीचा फंडा काय गं?" आई पोहे परतत होती. म्हणाली, "फंडा कसला डोंबलाचा! कुकरची रिंग."

तर गोष्ट अशी. १९९५ साल. आई लग्न करून वसईहून रोह्याला आली. बाबा धाटाव एमआयडीसीतल्या एका कारखान्यात. तेव्हा आमच्या ओळखीतली बहुतेक ख्रिस्ती घरं कारखान्यांच्या नोकरीपायीच आलेली. कोणी वसईचं, कोणी गोव्याचं, कोणी मंगळूरचं, आँटी केरळची. आईला मल्याळम येत नव्हतं, आँटीला मराठी. दोघींचं हिंदी दूरदर्शनवरच्या मालिकांपुरतं. रविवारी दोघी एकमेकींकडे बघून नुसत्या हसायच्या.

एका संध्याकाळी पाहुणे यायच्या वेळेला आईच्या कुकरची रिंग तुटली. बाजार बंद झालेला. आईने धीर केला आणि दोन गल्ल्या सोडून आँटीचं दार वाजवलं. हातात तुटकी रिंग धरून दाखवली. आँटीने आपल्या कुकरची रिंग काढून दिली आणि त्या रात्री स्वतःच्या घरी पातेल्यात भात शिजवला. दुसऱ्या दिवशी रिंग परत करायला गेलेली आई दोन तासांनी घरी आली. भाषा नसताना दोन तास काय बोलल्या असतील, हे दोघींनाही आज सांगता येत नाही.

हळूहळू आठवड्याची माळेची प्रार्थना घरोघरी फिरायला लागली. आज हिच्याकडे, पुढच्या बुधवारी तिच्याकडे. प्रार्थना पंचवीस मिनिटांची, बसणं दोन तासांचं. लहानपणी मला तो कंटाळा वाटायचा. आता कळतं, खरी गंमत त्या उरलेल्या वेळातच होती.

गणित करून बघा!

हे मी भावनेच्या भरात म्हणत नाहीये. कॅन्सस विद्यापीठातले जेफ्री हॉल यांचा २०१८मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो, की नुसत्या ओळखीतून साधी मैत्री व्हायला साधारण ५० तास एकत्र घालवावे लागतात आणि जिवलग मैत्रीला २००हून जास्त. आता माझा हिशोब. रविवारची १० मिनिटं. म्हणजे साध्या मैत्रीला ३०० रविवार, जवळजवळ सहा वर्षं! जिवलग मैत्रीला १,२०० रविवार, म्हणजे २३ वर्षं! तोवर आपण नोकरी, फ्लॅट आणि कदाचित देशही बदललेला असेल.

आणि चर्चला जाणाऱ्यांनी तर हे जास्त मनावर घ्यायला हवं. चेयून लिम आणि रॉबर्ट पटनम या दोन अभ्यासकांचा अमेरिकेतला एक अभ्यास २०१०मध्ये 'अमेरिकन सोशियोलॉजिकल रिव्ह्यू'त छापून आला. नियमित उपासनेला जाणारे लोक आयुष्याबद्दल जास्त समाधानी असतात, हे दिसत होतंच. त्यांनी शोधलं ते कारण. तर समाधानाचा मोठा वाटा होता उपासनेच्या जागी असलेल्या जवळच्या मित्रांचा. नियमित जाणारे, पण तिथे जवळचं कोणीच नसलेले लोक काही फारसे जास्त समाधानी नव्हते. वाचून मी गप्प झाले. माझाच फोटो काढल्यासारखा!

नदीच्या टोकाचं गाव

लहानपणी रोह्याची ही अकरा घरं मिळून सहलीला कोर्लईला जायची. रोह्यातून वाहणारी कुंडलिका जिथे समुद्राला मिळते, तिथे रेवदंड्याच्या समोर हे गाव आहे. १७४०मध्ये चौलची पोर्तुगीज सत्ता संपली आणि मुलूख मराठ्यांकडे आला. पोर्तुगीज गेले, पण माउंट कार्मेल मातेच्या चर्चभोवतीची ख्रिस्ती वस्ती राहिली. आणि पोर्तुगीज-मराठीच्या मिश्रणातून घडलेली त्यांची भाषा आजही तिथल्या घरांत बोलली जाते! बोलणारे हजाराच्या आसपास. तिला त्यांनी दिलेल्या नावाचा अर्थ इतकाच, की 'आमची भाषा'. क्लॅन्सी क्लेमेंट्स या भाषातज्ज्ञाने १९९६मध्ये तिच्यावर अख्खं पुस्तक लिहिलं.

ती टिकली कशी? नुसत्या प्रेमाने नाही. जात आणि धर्म या दोन भिंतींमुळे आजूबाजूच्यांशी ऊठबस, सोयरीक बेताचीच. मग एकमेकांशीच बोलायचं, एकमेकांकडेच मागायचं. रोह्याच्या अकरा घरांचं थोडंफार तसंच होतं. परक्या गावात दुसरं होतं कोण?

आपल्याला शहरात तो नाइलाज उरलेला नाही. रिंग तुटली? दहा मिनिटांत अ‍ॅपवरून हजर. ताप आला? औषधं दारात. कोणाकडे काही मागायची वेळच येत नाही, आणि आपण त्यालाच इंडिपेंडंट असणं म्हणतो. सोय झाली हे खरंच. पण त्या सोयीबरोबर दार वाजवायचं निमित्तही गेलं. आता ते मुद्दाम शोधावं लागतं.

आठ महिने अबोला

एवढं ऐकून मला वाटलं, चला, रेसिपी मिळाली. पण आई म्हणाली, "थांब, अर्धीच गोष्ट झाली." पुढचं दोघींची परवानगी घेऊनच लिहितेय.

एका वर्षी अंकलची नोकरी जाणार अशी चिन्हं दिसायला लागली. आँटीने ते फक्त आईला सांगितलं. आईने आणखी एकीला सांगितलं, 'प्रार्थनेसाठी'. चर्चमध्ये वावरणाऱ्या प्रत्येकाला हे वाक्य ओळखीचं आहे. "प्रार्थनेसाठी सांगते हं, कोणाला बोलू नकोस..." आणि रविवारपर्यंत अख्ख्या मंडळीला ठाऊक! आँटीने आईशी बोलणं टाकलं. आठ महिने. एकाच चर्चमध्ये, दोन टोकांच्या बाकांवर.

शेवटी आई गेली. तेच दार वाजवलं. "माझं चुकलं. मी प्रार्थनेचं नाव पुढे केलं, पण ते गॉसिपच होतं." आँटी बराच वेळ नुसती बघत राहिली. मग म्हणाली, "रिंग परत द्यायला आली काय?" दोघी हसल्या आणि मग रडल्या. तेव्हापासून त्यांचा नियम आहे. घरात सांगितलेलं घरात राहील, आणि कोणासाठी जाहीर प्रार्थना करायची तर आधी त्याला विचारायचं.

योहानाच्या शुभवर्तमानात शेवटच्या भोजनाच्या रात्री येशू शिष्यांना मित्र म्हणतो आणि त्याचं कारणही देतो. आपल्या पित्याकडून जे ऐकलं, ते सगळं त्याने त्यांना सांगितलेलं असतं. किती वेळा ऐकलंय हे वाचन! पण मैत्रीची ही कसोटी माझ्या कधी लक्षातच आली नव्हती. ज्याला आपलं आतलं सांगता येतं, तो मित्र. आणि ज्याने ते जपलं, तोही. मी दोन वर्षं सगळ्यांना 'मस्त' एवढंच सांगत होते. मग डेंग्यूत कोण येणार होतं? त्यांना कळणार तरी कसं? इतके दिवस मनातल्या मनात मी चर्चवर रुसले होते, पण दार तर मीही कोणाचं वाजवलं नव्हतं.

माझं काय?

पुढच्या रविवारी मी मागच्या बाकावरच्या मुलीला गाठलं. आयटीत आहे, माझ्यासारखीच एकटी राहते. दोन वर्षांची 'हॅपी संडे'ची ओळख. म्हटलं, "मला एक मदत हवीये. माझ्या फ्लॅटची एक किल्ली तुझ्याकडे ठेवशील? परत आजारी पडले तर..." ती एकदम गोंधळली. मला वाटलं, संपलं! फारच ऑड झालं! मग ती हळूच म्हणाली, "मागच्या महिन्यात मी बाथरूममध्ये पडले होते. कोणालाच सांगितलं नाही. माझीपण ठेव ना."

आता आम्ही दर गुरुवारी ऑफिसनंतर कोणा एकीकडे जेवतो. चौघींना बोलावलं होतं, दोघी आल्या, त्यातली एक पुढे यायची बंद झाली. चालायचंच. जेवण बहुतेकदा खिचडी, प्रार्थना छोटी, गप्पा मोठ्या. मागच्या गुरुवारी एकीने तिच्या घरचं काहीतरी सांगितलं. काय ते अर्थातच इथे लिहिणार नाही! मी तास मोजतेय. ४१ झालेत. म्हणजे अजून साधी मैत्रीसुद्धा पुरी नाही, पण ताप आला तर कोणाला फोन करायचा, ते नाव मात्र मिळालंय.

तुमचं चर्च असो, मंदिर असो नाहीतर ट्रेकिंगचा ग्रुप, येत्या रविवारी पायऱ्यांवरून पळू नका. एकाच कोणाला तरी गाठा आणि 'मस्त'च्या ऐवजी खरं उत्तर द्या. तेही जड वाटत असेल तर निदान काहीतरी मागा. छत्री, चार्जर, एखादी पाककृती... काहीही! परत करायच्या निमित्ताने दार पुन्हा वाजवता येईल.