न्यूनतम दराचा आडोसा

काही वर्षांपूर्वी केंद्रीय अनुदानावर चालणाऱ्या चेन्नईतील एका प्रशिक्षण संस्थेच्या खरेदी समितीवर मी सदस्य होतो. प्रशिक्षणार्थींचे अर्ज ठेवण्यासाठी एक स्वतंत्र, म्हणजे इतर कुणाशी वाटून न घेतलेला, सर्व्हर भाड्याने घ्यायचा होता. तीन दरपत्रके आली, तुलनात्मक तक्ता तयार झाला. पहिल्या व दुसऱ्या क्रमांकात महिन्याला दोन हजार रुपयांचा फरक होता. निर्णयाला दहा मिनिटे पुरली. त्या तक्त्याखाली माझीही सही आहे.

आठ महिन्यांनी डिस्क बिघडली. पुरवठादाराने चार तासांत नवी डिस्क बसवून दिली आणि करार अक्षरशः पाळला. जुन्या डिस्कवरील माहितीची दुसरी प्रत ठेवणे करारात नव्हतेच. एका लिपिकाने स्वतःहून घेतलेली प्रत अकरा दिवसांपूर्वीची होती, म्हणून तेवढ्या दिवसांच्या अर्जांवरच निभावले. तरीही रामनाथपुरमकडची मुले रात्रभर प्रवास करून पुन्हा कागदपत्रे घेऊन आली. त्यांच्या भाड्यासाठी तुलनात्मक तक्त्यात रकाना नसतो.

लेखापरीक्षणात यावर कोणताही आक्षेप आला नाही. माझे भांडण आहे ते नेमके याच गोष्टीशी.

स्वस्त घेऊन नुकसान झाले तर अधिकाऱ्याला कुणी विचारत नाही. थोडे महाग घेऊन नुकसान टळले तर मात्र खुलासा द्यावा लागतो. म्हणून न्यूनतम दर हा आपण आडोसा केला आहे, आणि वर दोष नियमांना देतो. परंतु सामान्य वित्तीय नियम, २०१७ मधील नियम १४४ काय सांगतो? निवडलेल्या देकाराची किंमत वाजवी आणि अपेक्षित गुणवत्तेशी सुसंगत आहे, याची खात्री खरेदी करणाऱ्याने करून घ्यावी. मग अपेक्षित गुणवत्ता लिहायची कुणी? आपणच! आम्ही प्रोसेसर लिहिला, मेमरी लिहिली, डिस्कचा आकार लिहिला. बिघाड झाल्यावर माहिती किती वेळात, कुठून आणि कोण परत आणणार, हे लिहिले नाही. जे मागितलेच नाही त्याची किंमत पुरवठादार कशाला लावील?

हे सर्व चेन्नईत घडावे, हे विशेष. समुद्राखालच्या आंतरराष्ट्रीय केबल जिथे किनाऱ्याला लागतात, अशा देशातील मोजक्या शहरांत मुंबईबरोबर चेन्नईचे नाव घेतले जाते. त्यामुळे जोडणीचा वेग इथे सहज मिळतो आणि जाहिरातीही त्याच्याच असतात. पण याच शहराने डिसेंबर २०१५ चा महापूर पाहिला. अनेक भागांत वीज बंद होती, मोबाइल सेवा कोलमडली होती. पुढच्याच वर्षी, १२ डिसेंबर २०१६ रोजी, वरदा चक्रीवादळ येऊन गेले. इथे सर्व्हर घेणाऱ्याने यंत्र कोणत्या मजल्यावर आहे, जनित्राचे डिझेल किती तास पुरते आणि दुसरी प्रत कोणत्या शहरात आहे, हे आधी विचारायला हवे.

महाग म्हणजे सुरक्षित, असेही मी म्हणत नाही. मार्च २०२१ मध्ये फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे ओव्हीएच या स्वस्त सर्व्हरसाठी प्रसिद्ध असलेल्या कंपनीची एक इमारत जळाली; ज्यांनी प्रत ठेवली नव्हती त्यांची माहिती कायमची गेली. सप्टेंबर २०२५ मध्ये दक्षिण कोरियातील डेजॉन येथे खुद्द सरकारी माहिती केंद्राला आग लागली आणि कर्मचाऱ्यांच्या फाईली असलेली ८५८ टेराबाइटची साठवण नष्ट झाली. तिचीही बाहेर प्रत नव्हती. एकीकडे काटकसरी ग्राहक, दुसरीकडे संपन्न शासन; चूक मात्र एकच.

काही सहकारी म्हणतात, यंत्रात दोन डिस्क असल्या की झाले. नाही झाले. एकीवर चुकून पुसलेले दुसरीवरही त्याच क्षणी पुसले जाते, आणि आग दोन्हींना सारखीच लागते. दुसरे समाधान ९९.५ टक्के उपलब्धतेच्या हमीचे. हिशेब करा: महिन्याला साडेतीन तासांहून अधिक काळ सर्व्हर बंद राहिला तरी हमी मोडत नाही. मोडलीच तर भरपाई बहुधा भाड्याच्या काही हिश्श्याची; अर्जदाराच्या गेलेल्या दिवसाची नव्हे.

माहितीपत्रके ठेवणारे साधे संकेतस्थळ असेल तर सर्वांत स्वस्त सर्व्हर अवश्य घ्यावा. तिथे जादा खर्च हीच उधळपट्टी. पण नागरिकाने दिलेली माहिती ठेवायची असेल तर दुसऱ्या शहरातील दैनंदिन प्रत ही निविदेची अट हवी, आणि मग त्या अटीसह जो न्यूनतम, तो स्वीकारावा. नियम तसेच राहतात, स्पर्धाही राहते.

आता माझ्यासमोर असा प्रस्ताव आला की मी एकच अट घालतो: पहिले देयक मंजूर करण्यापूर्वी पुरवठादाराने प्रतीवरून सर्व माहिती एकदा आमच्यासमोर परत उभी करून दाखवावी. या प्रयोगाला अर्धा दिवस लागतो. दहा मिनिटांत केलेल्या त्या सहीपेक्षा तो मला स्वस्त वाटतो.