डब्यातल्या उरलेल्या गोळ्या

दिवाळीची साफसफाई निघाली की कपाटाच्या वरच्या फळीवरून एक डबा खाली येतो. कधीकाळी त्यात बिस्किटे होती. आता गोळ्यांची अर्धीमुर्धी पाकिटे असतात. लालबागच्या एका काकूंनी गेल्या आठवड्यात तो डबाच दवाखान्यात आणून माझ्यापुढे ठेवला. "डॉक्टर, यातलं काय ठेवू नि काय टाकू, ते तुम्हीच सांगा."

काकूंना ही उपरती का झाली, ते मला ठाऊक होते. पावसाळ्यात त्यांचा मुलगा हिंदमाताजवळच्या गुडघाभर पाण्यातून घरी आला. टाचेला भेग होती. उंदरांच्या मुतातून लेप्टोचे जंतू अशा पाण्यात उतरतात आणि जखमेतून अंगात शिरतात, हे जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईकरांना चांगलेच कळले आहे. पाण्यातून चालावे लागले तर २४ ते ७२ तासांत डॉक्टरांच्या सल्ल्याने प्रतिबंधक औषध घ्या, असे महापालिकाही सांगत असते. चिरंजीवांनी त्यातला 'अँटिबायोटिक' एवढाच शब्द लक्षात ठेवला! डब्यात दाताच्या दुखण्यातून उरलेल्या अमॉक्सिसिलिनच्या दोन कॅप्सूल होत्या, त्या घेतल्या. आठव्या दिवशी ताप भरला, पोटऱ्या ठणकू लागल्या. "औषध घेतलंय ना," म्हणून त्याने तीन दिवस अंगावर काढले. माझ्याकडे आणला तेव्हा डोळे पिवळे झाले होते. दहा दिवस इस्पितळात काढून पोरगा घरी आला.

अमॉक्सिसिलिन काही वाईट औषध नव्हे. लेप्टोच्या उपचारातही ते वापरतात. पण पोटात गेलेल्या अमॉक्सिसिलिनपैकी निम्मे रक्तातून नाहीसे व्हायला तास-सव्वा तास पुरतो. डॉक्सिसायक्लिनला त्याच कामाला अठरा-वीस तास लागतात. म्हणून प्रतिबंधासाठी डॉक्सिसायक्लिन निवडतात. दोन्ही औषधे अनेक जातींच्या जंतूंवर चालणारी, पण एकाचे काम दुसऱ्यावर सोपवता येत नाही. आणि डॉक्सिसायक्लिन घेऊनही ताप आलाच, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

डब्यात डॉक्सिसायक्लिनही निघाले. काकूंनी लगेच विचारले, "नातवाला अर्धी दिली तर?" नातू सहा वर्षांचा. हे औषध टेट्रासायक्लिनच्या घराण्यातले. त्या घराण्यातल्या जुन्या औषधांनी मुलांच्या वाढत्या दातांवर कायमचे पिवळे-तपकिरी डाग पडत. म्हणून आठ वर्षांखालची मुले आणि गरोदर बायका यांच्यासाठी प्रतिबंधाला वेगळे औषध निवडतात. मोठ्यांनीही ते पेलाभर पाण्याबरोबर घ्यावे आणि लगेच आडवे होऊ नये. गोळी अन्ननलिकेत अडकली तर तिथे व्रण पडतो. लोहाच्या किंवा पित्ताच्या गोळीबरोबर घेतले, तर औषध तिलाच चिकटून बसते आणि रक्तात पोचत नाही.

तळाशी ॲझिथ्रोमायसिनच्या तीन गोळ्या होत्या, कुणाच्या तरी सर्दीतल्या. सर्दी विषाणूंची, तिच्यावर ही गोळी काहीही करीत नाही. मात्र पोटातल्या इतर जंतूंना औषधाची ओळख होते आणि त्यांतले चिवट तेवढे शिल्लक राहतात. पाकिटावरची उभी लाल रेघ चिठ्ठीशिवाय हे घेऊ नका म्हणून छापलेली असते. काकूंना ती नक्षी वाटली होती.

तापाच्या साध्या गोळ्या आणि मलमपट्टी तेवढी मी परत दिली. बाकीचे ठेवून घेतले. काकू दारापर्यंत गेल्या आणि वळल्या.

"डबा तेवढा द्या हो. चकल्या भरायच्यात."

"आधी गरम पाण्यानं धुवा," मी म्हटले.