निवृत्तीनंतर औषधपाण्याची तरतूद

केंद्र सरकारच्या सेवेतून निवृत्त होणाऱ्या कर्मचाऱ्यास निवृत्तिवेतनासाठी जे कागद भरून द्यावे लागतात, त्यांत वैद्यकीय सुविधेविषयी एक रकाना असतो. उपदान किती मिळेल, अंशराशीकरण करावे की नाही, यांवर घरात महिनोन्‌महिने खल होतो. हा रकाना मात्र शेजारच्या टेबलावरील सहकाऱ्याने काय लिहिले ते पाहून भरला जातो. वास्तविक, पुढील वीस-पंचवीस वर्षांचे पतिपत्नींचे औषधपाणी त्यावर अवलंबून असते.

सेवेत असताना 1944 च्या वैद्यकीय नियमांखाली ज्यांना खर्चाची भरपाई मिळत होती, त्यांच्यापैकी अनेकांची अशी समजूत असते की ती पुढेही मिळत राहील. तसे नाही. ते नियम निवृत्तांना लागू होत नाहीत. म्हणूनच 1954 मध्ये दिल्लीत सुरू झालेल्या केंद्र सरकार आरोग्य योजनेचा, म्हणजे सी.जी.एच.एस.चा, विचार प्रथम केला पाहिजे. मुंबई, पुणे, नागपूर, तसेच हैदराबाद, बंगळूरु, भोपाळ अशा अनेक शहरांत तिचे दवाखाने आहेत. तेथे तपासणी व औषधे मिळतात, आणि मान्यताप्राप्त रुग्णालयात निवृत्तांना रोख रक्कम न भरता उपचार घेता येतात.

वर्गणी अखेरच्या वेतनस्तरावर ठरते. 2017 मध्ये ठरलेल्या दरांनुसार पहिल्या पाच स्तरांस महिना 250 रुपये, सहाव्यास 450, सात ते अकरा या स्तरांस 650 आणि त्यावरील सर्वांस 1000 रुपये. ती वर्षावर्षाने भरता येते किंवा दहा वर्षांची एकदम भरून आजीव पत्र घेता येते. सातव्या स्तरावरील गृहस्थास ही एकरकमी वर्गणी 78,000 रुपये पडते. आकडा ऐकून छाती दडपते खरी. परंतु साठीच्या दांपत्याला दहा वर्षे ही फार लांबची मुदत नव्हे, आणि त्यानंतर वर्गणीचा प्रश्नच उरत नाही. उपदानाची रक्कम हाती आहे तोवरच हे काम उरकावे, असे आमचे मत आहे. मुलीच्या लग्नात किंवा घराच्या मजल्यात ती गेली म्हणजे दरवर्षीची तारीख लक्षात ठेवत बसावे लागते.

जे मूळ गावी परततात, त्यांची अडचण निराळी. तेथे दवाखाना नसतो. अशांना महिना 1000 रुपयांचा स्थिर वैद्यकीय भत्ता घेता येतो. हा दर जुलै 2017 पासूनचा आहे. किंवा जवळच्या योजनाशहराचे पत्र घेता येते. तिसरीही एक वाट आहे, आणि ती पुष्कळांना ठाऊक नसते: रोजच्या औषधांसाठी भत्ता घ्यावा व रुग्णालयातील उपचारांपुरती योजनेची वर्गणी भरावी. भत्त्यात मधुमेह व रक्तदाबाच्या गोळ्या कदाचित भागतील. गुडघ्याची किंवा हृदयाची शस्त्रक्रिया त्यात बसणार नाही. केवळ भत्त्यावर विसंबणाऱ्यांनी एवढा हिशेब अवश्य मांडावा.

एक खबरदारी मात्र हवी. आणीबाणीत मान्यता नसलेल्या खाजगी रुग्णालयात जावे लागले, तर भरपाई योजनेच्या दरांनी होते, रुग्णालयाच्या बिलाने नव्हे. मधला फरक आपल्यावर पडतो. तेव्हा घराजवळचे मान्यताप्राप्त रुग्णालय कोणते, हे आधीच पाहून ठेवावे.

राज्य सरकारांच्या निवृत्तांची स्थिती सर्वत्र सारखी नाही. केरळात 1 जुलै 2022 रोजी मेडिसेप योजना सुरू झाली, तेव्हा निवृत्तिवेतनातून महिना 500 रुपये कापून वर्षाला तीन लाखांचे मूळ संरक्षण देण्यात आले. इतर राज्यांत वेगळे नियम आहेत. आपल्या कोषागारात चौकशी करणे बरे.

ऑक्टोबर 2024 पासून सत्तर वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येकास, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान योजनेचे वय वंदना पत्र मिळू लागले. कुटुंबास वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार त्यात येतात, आणि पतिपत्नी दोघेही सत्तरीपुढचे असल्यास ही रक्कम दोघांत मिळून असते. ज्यांच्याकडे सी.जी.एच.एस. आहे त्यांना मात्र दोहोंपैकी एकच निवडावी लागते. नव्याचा मोह पडतो. पण आयुष्मानमध्ये रुग्णालयात दाखल झाल्यावरचे उपचार आहेत, रोजच्या गोळ्या नाहीत. हाती असलेली सी.जी.एच.एस. त्यासाठी सोडणे आम्हांस शहाणपणाचे वाटत नाही.

खाजगी विम्याचा हप्ता वयाबरोबर वाढतो. तथापि काही गोष्टी सुधारल्या आहेत. 2024 मध्ये नव्या विम्यासाठीची पासष्ट वर्षांची अट गेली, जुन्या आजारांसाठी थांबण्याची कमाल मुदत चार वर्षांवरून तीनवर आली. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्यविम्यावरील वस्तू व सेवा कर उठला. पॉलिसी हाती आल्यावर ती परत करण्यास तीस दिवस असतात. तेवढ्यात दोन कलमे शोधावीत: बिलाचा ठरावीक हिस्सा स्वतः सोसण्याची अट, आणि खोलीच्या भाड्यावरील मर्यादा. महागडी खोली घेतल्यास पुष्कळ पॉलिसींत इतर खर्चही त्या प्रमाणात कापला जातो. अर्जात आजार लपवू नयेत. दलाल ‘लिहिण्याची गरज नाही’ म्हणाला तरीही.

शेवटी गृहिणींसाठी. कुटुंब निवृत्तिवेतन मिळणारी पत्नीही सी.जी.एच.एस.ला पात्र असते. पतीचे निवृत्तिवेतन आदेशपत्र, वर्गणीची पावती आणि स्वतःचे पत्र कोणत्या कपाटात आहे, हे तिला आजच दाखवून ठेवावे.